आधी ठरवा, मग सांगा

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी प्रशिक्षण आणि पत्रव्यवहार ही दोन कामं पाहते. कर्मचाऱ्यांना प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायच्या सूचना, लिहायला शिकवण्याला माझा विरोध होता. शाखाधिकाऱ्यांच्या बैठकीत आणि संचालकांसमोरही मी तो उघडपणे मांडला होता. आज त्याच विषयाचे वर्ग मी स्वतः घेते. मत बदललं की लोक विचारतात, कुणी पटवलं? कुणी पटवलं नाही. आमच्या रोजच्या कामानंच ते बदलायला लावलं. हे सविस्तर लिहायचं कारण असं, की माझ्या जुन्या मतातला बराच भाग मला अजून खरा वाटतो, आणि ज्या कारणानं मी या बाजूला आले ते कारण कुठल्याही प्रशिक्षकानं मला सांगितलेलं नव्हतं.

आधी विरोधाबद्दल. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्या वर्षभरात आमच्यासारख्या बँकांमध्येही ते पोचलं. अधिकृतपणे नव्हे, कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमधून. त्यामागोमाग 'जबरदस्त प्रॉम्प्ट'च्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. 'तू तीस वर्षांचा अनुभव असलेला बँकर आहेस' अशी सुरुवात करा. 'उत्तर चुकलं तर माझी नोकरी जाईल' असं लिहा. 'चांगलं उत्तर दिलंस तर बक्षीस देईन' असं सांगा. हे वाचून मला वाटलं, ही विद्या नव्हे, या तोडग्यांच्या चिठ्ठ्या आहेत. ज्या संस्थेत लोकांच्या ठेवी आहेत तिथलं काम तोडग्यांवर चालवू नये.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा होता. यंत्रानं चुकीचं उत्तर दिलं की साधन विकणारा सांगे, 'तुमचा प्रॉम्प्ट नीट नव्हता.' म्हणजे कलम चुकवलं यंत्रानं आणि दोष लागला कारकुनाला. बँकेत कागदाखाली सही असते आणि सही करणारा उत्तर देतो. प्रॉम्प्ट शिकवणं म्हणजे यंत्राच्या उणिवांची जबाबदारी टेबलामागच्या माणसावर ढकलायची सोय करणं, असं मी म्हणत असे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचत होता. बाहेरून येणारे प्रशिक्षक इंग्रजी साचे शिकवत. आमच्या काउंटरवरचा माणूस सभासदाला नावानं ओळखतो, त्याच्या शेतात यंदा काय आहे हे त्याला माहीत असतं, पण त्याचं सगळं जाणणं मराठीत असतं. इंग्रजी साचे ज्यांना जमतील ते पुढे जाणार आणि माणसं ओळखणारे मागे पडणार, हे मला दिसत होतं.

हे तीन आक्षेप घेऊनच मी वसुली विभागाच्या एका कामात पडले. कर्जाचा हप्ता थकला की कर्जदाराला पत्र जातं. ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० (विशेष लक्ष ठेवण्याचं खातं, पहिली पायरी) मध्ये असतं, ३१ ते ६० दिवस एसएमए-१ मध्ये, ६१ ते ९० दिवस एसएमए-२ मध्ये, आणि ९० दिवस ओलांडले की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं. या चार पायऱ्यांवरची माणसं चार तऱ्हेची असतात. कुणी हप्त्याची तारीख विसरलेला असतो, कुणाच्या घरात आजारपण असतं, कुणाचा धंदा बसलेला असतो, आणि कुणाला द्यायचंच नसतं. पण वर्षानुवर्षं चालत आलेला आमचा पत्राचा नमुना जवळजवळ एकच होता. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात आणि 'कायदेशीर कारवाई करण्यात येईल व होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल' असा शेवट. एक हप्ता चुकलेल्या शिक्षिकेलाही तेच पत्र जाई आणि वर्षभर दार न उघडणाऱ्यालाही तेच.

विभागातल्या एका तरुण सहकारी मुलीला ही पत्रं नव्यानं करायला सांगितलं होतं. तिनं यंत्राला लिहिलं, 'थकीत कर्जदाराला मराठीत पत्र लिहून दे.' आलेलं पत्र दिसायला स्वच्छ होतं. त्यात 'प्रिय मूल्यवान ग्राहक' होतं, 'आम्ही आपणास विनंती करू इच्छितो' होतं, आणि शेवटी जप्ती, लिलाव आणि तारण मालमत्तेवरून कर्जवसुलीचा सरफेसी कायदा, सगळं एकाच परिच्छेदात होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली मिळणारा वसुली दाखला ही वेगळी वाट आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची ६० दिवसांची मागणी नोटीस ही वेगळी वाट आहे. सहकारी बँकांना सरफेसी लागू होतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०२० मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात निकाली निघाला, म्हणजे हा विषय आमच्या अगदी शेजारचा. यंत्रानं या सगळ्या वाटा एकात एक मिसळून टाकल्या होत्या.

तिनं ते पत्र फेकून दिलं असतं किंवा तसंच वापरलं असतं, तर माझं मत आहे तिथंच राहिलं असतं. पण ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि विचारू लागली. 'मॅडम, हे पत्र कितव्या दिवसाचं आहे? त्यानं नेमकं काय करावं असं आपल्याला वाटतं, पैसे भरावेत की शाखेत यावं? पहिल्याच पत्राची प्रत जामीनदाराला पाठवायची का? हप्ते वाढवून मिळण्याची शक्यता सांगायची की नाही? सांगितली आणि उद्या त्यानं तेच पत्र पुढे केलं तर?' एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. वसुली अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांचं मत एक, विधी अधिकाऱ्यांचं दुसरं, आणि शाखाधिकाऱ्यांची मतं शाखेगणिक निराळी. इतकी वर्षं पत्रं जात होती, पण ती का जातात हे बँकेनं कधी बसून ठरवलेलंच नव्हतं. जुन्या नमुन्यामुळे ते ठरवायची वेळ आली नव्हती.

माझं मत बदलायला लागलं ते इथून. प्रॉम्प्टनं आम्हाला चांगलं उत्तर दिलं म्हणून नाही. प्रॉम्प्ट लिहायला बसल्यावर आम्हाला निर्णय घ्यावे लागले, म्हणून.

यंत्र असं का वागतं, हे समजून घेतल्यावर ही गोष्ट अधिक स्पष्ट झाली. ही मॉडेलं प्रचंड मजकुरावर घडवलेली असतात आणि समोरच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याच्या हिशेबावर ती पुढचा मजकूर रचत जातात. आपण जे सांगितलं नाही तिथं ती थांबत नाहीत. जे सर्वसाधारणपणे लिहिलं जातं ते तिथं भरतात. माप न देता शिंप्याकडे कापड टाकलं तर तो सर्वसाधारण अंगाचा सदरा शिवून देईल, तसंच हे आहे. वसुलीच्या पत्रात सर्वसाधारणपणे धमकी असते, म्हणून धमकी आली. मोठ्या बँकांची पत्रं 'मूल्यवान ग्राहक' म्हणतात, म्हणून ते आलं. आमचा माणूस ग्राहक नाही, सभासद आहे, बँकेच्या भांडवलात त्याचा वाटा आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून तो अध्यक्षांना जाब विचारू शकतो. हे यंत्राला कोण सांगणार? आम्हीच सांगायला हवं होतं. आणि सांगण्यासाठी आधी आम्हाला ते स्वतःशी नीट बोलावं लागणार होतं.

वसुली समितीच्या बैठकांमधून आणि बऱ्याच चर्चेतून पहिल्या पायरीच्या पत्रासाठी जो प्रॉम्प्ट तयार झाला तो असा:

'आमची नागरी सहकारी बँक आहे. आमच्या एका सभासदाच्या घरकर्जाचा एक हप्ता थकला आहे, अजून तीस दिवस झालेले नाहीत. याआधीचे त्याचे हप्ते वेळेवर आले आहेत. त्याला मराठीत पत्र लिहायचं आहे. पत्राचा हेतू एकच: त्यानं पंधरा दिवसांच्या आत शाखेत यावं किंवा फोन करावा. कायदा, कारवाई, जप्ती, लिलाव यांचा उल्लेख नको. जामीनदाराचा उल्लेख नको. हप्ता भरण्यात अडचण असेल तर शाखेत बोलता येईल एवढंच लिही, कोणतीही सवलत कबूल करू नकोस. घरातल्या कुणीही एकदा मोठ्यानं वाचलं तर सगळ्यांना समजेल अशी भाषा ठेव. दीडशे शब्दांच्या आत लिही. नाव, खाते क्रमांक, रक्कम आणि तारीख यांच्या जागा कोऱ्या सोड. खाली आमच्या बँकेची दोन पत्रं दिली आहेत, भाषेचं वळण त्यांच्यासारखं असू दे.'

यात एकही जादूचा शब्द नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य हा कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. 'सवलत कबूल करू नकोस' हे विधी अधिकाऱ्यांनी घातलं. 'जामीनदाराचा उल्लेख नको' यावर समितीत वाद झाला. एका हप्त्यासाठी माणसाची गावात अब्रू घालवायची नाही, असं शेवटी ठरलं. 'मोठ्यानं वाचलं तर' हे एका शिपायाच्या सांगण्यावरून आलं. तो म्हणाला होता, 'मॅडम, पत्र म्हातारा घेतो, पण वाचून दाखवतो नातू.' एसएमए-२ च्या पत्राचा प्रॉम्प्ट याहून कडक झाला. त्यात थकबाकी किती दिवसांची, ९० दिवस कधी पूर्ण होतात आणि त्यानंतर खात्याचं काय होतं, हे स्पष्ट सांगायला सांगितलं आहे. मागणी नोटीस मात्र यंत्राकडून लिहून घ्यायची नाही असं ठरलं. ते काम वकिलांचं.

प्रॉम्प्टच्या शेवटी जोडलेली दोन जुनी पत्रं सगळ्यात जास्त कामाला आली. 'साधी भाषा वापर', 'हिंदी वळण नको' अशा सूचना लिहून जे साधत नव्हतं ते नमुना दिल्यावर साधलं. याला शास्त्रीय आधार आहे हे मला नंतर कळलं. ओपनएआयच्या संशोधकांनी २०२० मध्ये जीपीटी-३ वर जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा मुख्य मुद्दाच हा होता, की मॉडेलला पुन्हा प्रशिक्षण न देता, सूचनेतच काही उदाहरणं दिली तर ते त्या वळणानं काम करू लागतं. आमची ती दोन पत्रं एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांनी हातानं लिहिलेली होती. सभासदाला उद्देशून, न दुखावता, पण पैसे परत यायलाच हवेत हे ठामपणे सांगणारी. अशा माणसाच्या शहाणपणाची नोंद कुठल्याही परिपत्रकात होत नाही. प्रॉम्प्टच्या शेवटी ती झाली.

तोडग्यांबद्दलचा माझा संशय मात्र टिकला, आणि त्याला पुरावेही मिळाले. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की प्रश्नाच्या शेवटी 'पायरीपायरीनं विचार करू या' एवढं एक वाक्य जोडलं तर शाब्दिक गणितांच्या एका प्रश्नसंचावर मॉडेलची अचूकता १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर जाते. ही खरी आणि मोठी गोष्ट होती. पण २०२५ मध्ये व्हार्टन स्कूलच्या संशोधकांनी नव्या मॉडेलांवर पाहिलं, तेव्हा स्वतःच पायऱ्यांनी विचार करायला शिकलेल्या मॉडेलांना त्या वाक्याचा फायदा फार थोडा होता, उत्तराला वेळ मात्र जास्त लागत होता. 'तू तज्ज्ञ आहेस' या सुरुवातीचंही तसंच. एका अभ्यासात १६२ भूमिका देऊन पाहिल्या, पण माहितीवर आधारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यामुळे एकंदरीत सुधारली नाहीत. म्हणजे शब्दांच्या युक्त्या मॉडेलबरोबर जुन्या होतात. आपल्याला काय हवं आहे, कुणासाठी, कशासाठी आणि काय नको, हे सांगणं जुनं होत नाही. पुढचं मॉडेल कितीही हुशार आलं तरी जामीनदाराला कळवायचं की नाही हे त्याला ठरवता येणार नाही, कारण ते आमच्या बँकेचं धोरण आहे. त्यामुळे वर्गात मी पाठ करण्यासारखं काही देत नाही. आधी कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहायला लावते. वाचणारा कोण, त्यानं वाचून काय करावं, काय लिहायचं नाही, आणि आलेलं उत्तर मी तपासणार कसं.

या चौथ्या प्रश्नानं माझा दुसरा आक्षेप, जबाबदारीचा, बराचसा सोडवला. त्याचं उदाहरण रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांचं. परिपत्रक लांबलचक असतं आणि सगळ्या प्रकारच्या बँकांसाठी एकत्र असू शकतं. 'याचा सारांश दे' म्हटलं की गुळगुळीत सारांश येतो, वाचून समाधान होतं आणि हाती काही लागत नाही. आता आमचे लोक लिहितात: 'आमची नागरी सहकारी बँक दुसऱ्या स्तरातली आहे. या परिपत्रकातल्या आम्हाला लागू होणाऱ्या बाबींचा तक्ता कर. प्रत्येक बाबीपुढे परिच्छेद क्रमांक, त्या परिच्छेदातलं मूळ वाक्य जसंच्या तसं, आम्ही काय करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख दिलेली नसेल तर "दिलेली नाही" असं लिही. लागू होतं की नाही ते स्पष्ट नसेल तर तसं लिही, अंदाज करू नकोस.' हा स्तर सांगणं महत्त्वाचं असतं, कारण २०२२ पासून नागरी बँकांचे ठेवींनुसार चार स्तर आहेत आणि नियम त्याप्रमाणे बदलतात.

या प्रॉम्प्टचा फायदा असा, की उत्तर तपासता येतं. परिच्छेद क्रमांक घ्यायचा, मूळ परिपत्रक उघडायचं, वाक्य तिथं आहे का पाहायचं. नसेल तर ती ओळ खोडायची. पूर्वी मला वाटे, चांगला प्रॉम्प्ट म्हणजे सुंदर उत्तर आणणारा. आता मी म्हणते, चांगला प्रॉम्प्ट तो, ज्याचं उत्तर चूक असेल तर लवकर सापडतं. दस्तऐवज मोठा असेल तर आम्ही तो तुकड्यांत देतो. २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की लांब मजकूर दिल्यावर मॉडेलं सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नीट वापरतात, मधल्या भागाकडे त्यांचं दुर्लक्ष होतं. मॉडेलं सुधारली आहेत, पण ज्या मधल्या परिच्छेदात दंडाची तरतूद आहे तो सुटलेला मला परवडणार नाही.

तपासणी यंत्रावरच सोपवता येत नाही, हे मी प्रत्येक वर्गात न्यूयॉर्कच्या एका खटल्यावरून सांगते. २०२३ मधला माटा विरुद्ध एव्हियांका. वकिलानं चॅटजीपीटीकडून जुने निवाडे काढून न्यायालयात दिले, ते अस्तित्वातच नव्हते. विशेष म्हणजे त्यानं यंत्रालाच विचारलं होतं, हा निवाडा खरा आहे का, आणि यंत्र हो म्हणालं होतं. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. त्याच्या प्रॉम्प्टमध्ये दुरुस्ती करून हा प्रसंग टळला नसता. निवाड्यांचं पुस्तक उघडलं असतं तर टळला असता. कितीही शिकवलं तरी 'प्रॉम्प्ट बरोबर होता' हा बचाव आमच्या बँकेत चालणार नाही, आणि 'प्रॉम्प्ट चुकीचा होता' ही सबब विकणाऱ्यांकडूनही मी ऐकून घेणार नाही. यंत्रानं नसलेलं कलम निर्माण केलं तर तो यंत्राचा दोष, आणि ते न तपासता सही केली तर तो आमचा.

यासाठी आम्ही प्रॉम्प्टची नोंदवही सुरू केली. प्रॉम्प्ट कोणत्या कामासाठी, कुणी लिहिला, कुणी मंजूर केला, कोणतं वाक्य केव्हा आणि का बदललं. ठरावाची नोंद ठेवतो तशी ही नोंद. यामुळे कर्मचारी एकटा पडत नाही. मोबाइलवर लपून लिहिलेल्या प्रॉम्प्टची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर असते, मंजूर प्रॉम्प्टची बँकेच्या डोक्यावर. मी शिकवण्याला विरोध करत होते तेव्हाही लोक वापरत होतेच. उघड शिकवल्यानं ते वापरणं उजेडात आलं.

माहितीच्या बाबतीत मात्र मी पूर्वीइतकीच कडक आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं होतं, आणि त्यामागची गोपनीयतेची चिंता योग्य आहे. सभासदाचं नाव, खाते क्रमांक, मोबाइल, आधार, पॅन यातलं काहीही प्रॉम्प्टमध्ये जायचं नाही. जागा कोऱ्या ठेवायच्या आणि त्या आपल्याच संगणकावर भरायच्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. गावात बँक चालते ती, कुणाची थकबाकी किती हे चहाच्या टपरीवर कळत नाही, या विश्वासावर.

आता तिसरा आक्षेप, मराठीचा. मला ज्याची भीती होती त्याच्या बरोबर उलट घडलं, पण ते आपोआप घडलं नाही. आम्ही ठरवलं, की प्रॉम्प्ट मराठीतच लिहायचे, आणि आपण कचेरीत जशी मराठी बोलतो तशाच मराठीत. 'हप्ता', 'थकबाकी', 'एनपीए', 'ओव्हरड्यू', सगळं येऊ दे. तांत्रिकदृष्ट्या ही वेळही योग्य होती. मॉडेल मजकुराचे जे तुकडे करतं त्यांना टोकन म्हणतात, आणि वापराचा हिशेब त्यांवर होतो. ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना दाखवलेल्या मराठीच्या नमुन्याला आधी ९६ टोकन लागत, ते ३३ वर आले. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला मोजावी लागणारी जास्तीची किंमत बरीच उतरली. कायद्याचा किंवा परिपत्रकाचा मूळ इंग्रजी मजकूर आम्ही तसाच जोडतो, मागणी मराठीत करतो.

आणि मग शाखांतून वाक्यं यायला लागली. ऊसपट्ट्यातल्या एका शाखेच्या कर्ज विभागातल्या गृहस्थांनी कळवलं, की पहिल्या पत्राच्या प्रॉम्प्टमध्ये एक वाक्य वाढवा: 'सभासद ऊस उत्पादक असेल तर ऊसबिल जमा झाल्यावर हप्ता भरता येईल का, हे आदरानं विचार.' ऊस कारखान्याला गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली रास्त व किफायतशीर किंमत, मिळायला हवी असा नियम आहे, पण पैसे हातात कधी येतात ते दरसाल आणि दर कारखान्याला वेगळं असतं. हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं, मुख्य कार्यालयातल्या आम्हाला नव्हतं. ते चांगलं इंग्रजी बोलत नाहीत, म्हणून पूर्वीच्या कुठल्याच प्रशिक्षणात त्यांनी हात वर केला नव्हता. आता त्यांचं एक वाक्य बँकेच्या पत्रात गेलं. खालच्या टेबलावरच्या माणसाचं जाणणं धोरणात उतरायला आमच्या बँकेत इतका सरळ रस्ता पूर्वी कधी नव्हता. विरोधाच्या बाजूनं या बाजूला मला आणणारं सगळ्यात मोठं कारण हेच.

रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या समितीचा वित्तीय क्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. समितीचे अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य, भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासात ज्यांचं आयुष्य गेलं आहे. अहवालात सात सूत्रं आहेत. विश्वास हा पाया, माणूस आधी, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना ही त्यातली काही. मोठ्या बँका ही सूत्रं आपापल्या यंत्रणांत बसवतील. आमच्यासारख्या छोट्या बँकेत 'माणूस आधी' म्हणजे काय, तर थकलेल्या हप्त्याच्या पहिल्या पत्रात जप्तीचा शब्द न घालणं, आणि ते कुणी, केव्हा, का ठरवलं हे नोंदवहीत सापडणं.

एक चिंता उरते आणि ती मी झाकत नाही. नवीन भरती झालेली मुलं कोऱ्या कागदावरून पत्र लिहायला शिकली नाहीत, तर पुढे काय? आमचे सगळ्यात चांगले प्रॉम्प्ट ज्या दोन पत्रांवर उभे आहेत ती माणसानं लिहिलेली होती. तशी पत्रं लिहिणारी माणसंच उरली नाहीत, तर नमुना म्हणून जोडायला आपल्याकडे यंत्रानंच लिहिलेला मजकूर राहील, आणि मग पुन्हा सगळीकडे तेच सर्वसाधारण वळण येईल. म्हणून माझ्या वर्गात पहिलं पत्र हातानं लिहावं लागतं, यंत्राशिवाय. त्यानंतर प्रॉम्प्ट. दिवंगत ठेवीदाराच्या वारसांना जाणारी पत्रं तर आम्ही यंत्राकडे देतच नाही. ज्या घरात माणूस गेला आहे तिथं बँकेतल्या माणसानंच लिहावं, असं मला वाटतं.

इतर सहकारी संस्थांतली मंडळी मला आता विचारतात, कोणतं साधन घ्यावं, कोणते प्रॉम्प्ट वापरावेत. आमचे प्रॉम्प्ट मी आनंदानं देते, पण ते त्यांच्या फारसे उपयोगाचे नाहीत हेही सांगते, कारण त्यातले निर्णय आमचे आहेत. साधन विकत घेण्याआधी त्यांनी आपलं सगळ्यात जास्त पाठवलं जाणारं एक पत्र टेबलावर ठेवावं. पाठवणारा कारकून, तपासणारा अधिकारी आणि शक्य असेल तर ते पत्र मिळालेला एखादा सभासद, यांना एकत्र बसवावं. हे पत्र कशासाठी जातं, वाचणाऱ्यानं काय करावं आणि त्यात काय कधीच लिहायचं नाही, यावर एकमत होईपर्यंत उठू नये. जे ठरेल ते साध्या मराठीत लिहून काढावं. तोच त्यांचा पहिला प्रॉम्प्ट. यंत्र उद्या बंद पडलं तरी त्या कागदावरून नवा माणूस चांगलं पत्र लिहू शकेल, आणि तसं लिहिता येत असेल तरच तो प्रॉम्प्ट चांगला झाला असं मी मानते.